ओटी शाळेतच भरा

अनसूयाबाई दौऱ्यावर असल्या की कुणाच्या घराचा उंबरा ओलांडत नसत. शाळेच्या पायरीवर बसून डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात, आणि गावातून चहाचं बोलावणं आलं की म्हणत, "मी माहेरपणाला नाही आले, कामावर आले." मुलींच्या शाळांच्या त्या तपासनीस. बाईमाणसानं खेड्यापाड्यांतून एकटीनं फिरू नये म्हणून सोबतीला एक शिक्षिका देत. ती बहुतेक वेळा मीच असे. पहिल्याच दौऱ्यात मला त्यांचा भयंकर राग आला होता. असीरगढच्या शाळेला जाताना वाटेत एका घरी खापरावरचे मांडे आमची वाट पाहत होते, आणि या बाईंनी मला दंडाला धरून बैलगाडीत बसवलं. मी तोंड फुगवून बसले. तेव्हा त्या म्हणाल्या, "कुसुम, एकदा त्या स्वयंपाकघरात शिरलीस ना, की मग थेट शाळा सुटल्याची घंटाच ऐकू येते." मला ते मुळीच पटलं नाही. मांडे डोळ्यांपुढून जात नव्हते.

पुढे राज्यांची नव्यानं जुळवाजुळव झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमचं बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. मुलांच्या शाळांचे तपासनीस नागपूरकडचे होते, ते तिकडे निघून गेले आणि त्यांचा चार्ज तात्पुरता अनसूयाबाईंकडे आला. कचेरीत घरात सुतक असावं तशी शांतता पसरली. हेडक्लार्कला सगळे बडे बाबू म्हणत. ते मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "आता गुरुजी लोकांनी बाईसमोर हात बांधून उभं राहायचं? मग बांगड्याच भरून घ्या ना सगळे!"

बाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "भरा की, बाबूजी. पण आधी ती बहादरपूरची फाईल द्या. बांगड्यांच्या हातांनी फाईल उचलते बरं का, मी रोज उचलते."

चार्ज बाईंकडे कायम ठेवायचा की नाही, हे विभागाचे साहेब एका तपासणीला स्वतः येऊन ठरवणार होते. बाईंना तो हवा होता. आडपडदा न ठेवता त्या तसं बोलूनही दाखवत. "मला हे काम येतं. येतं ते मागायला लाज कसली?" अमुक जागा मला हवी, असं उघड म्हणणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. त्या तसं बोलल्या की मीच आधी दाराकडे बघायचे.

तपासणीसाठी नेपानगरच्या बाजूचं केळीबागांचं एक मोठं गाव ठरलं. गावाचं नाव घेत नाही. तिथले हेडमास्तर गुरुजी बोलायला लोण्याहून मऊ. आमची जीप वेशीपाशी थांबताच पुरुषमंडळींनी साहेबांच्या गळ्यात हार घातला आणि त्यांना शाळेच्या वाटेला लावलं. इकडे गुरुजींची बायको आणि गावातल्या पंधरा-वीस बायकांनी आरतीची ताटं घेऊन बाईंना वेढलं. पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. गुरुजींची बायको म्हणाली, "ताई, पहिल्यांदा आल्या तुम्ही आमच्या गावात. ओटी भरल्याबिगर नाही जाऊ द्यायच्या. घरी चला, सकाळपासून मांडे करू राह्यलो आम्ही."

गुरुजींनी हात जोडले. "हो ना बाईसाहेब, तुम्ही घरी विसावा. शाळेचं काय, आम्ही साहेबांना दाखवतो ना. घरच्या लक्ष्मीला उन्हात कशाला तिष्ठत ठेवायचं?"

साहेब जबलपूरकडचे, भला माणूस. ते वळून म्हणाले, "हाँ हाँ बहनजी, आप आराम कीजिए. मैं देख लेता हूँ."

गुरुजींचा डाव मला आता कळला. बाईंनी ओटी नाकारली, तर नोकरीच्या तोऱ्यात सवाष्णीनं ओटी लाथाडली असा गावभर बोभाटा होणार. आणि घरात गेल्या, तर बाईंवाचून तपासणी कशी झकास होते ते साहेब स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. त्या बायकांच्या मनात मात्र काही काळंबेरं नव्हतं. त्या न्हाऊन-धुऊन, ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. त्यांना दुखवायचं तरी कसं?

बाई गुरुजींकडे बघतच नव्हत्या. त्या एकेका बाईचं तोंड बघत होत्या. मग त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "ओटीला नाही म्हणायची माझी काय बिशाद! पण पाट शाळेत मांडा."

"शाळेत?" गुरुजींचा आवाज चिरकला. "बायका शाळेत? तशी रीत नाही, बाईसाहेब."

"पाट हवा, तोंड पूर्वेला हवं. एवढीच रीत मला ठाऊक आहे, गुरुजी. तुमच्या शाळेला पूर्व आहे ना?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गुरुजी आपल्या बायकोकडे डोळे वटारून बघत होते. तिनं मान खाली घातली, पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "चला मंग. मीबी नाही पाहिली शाळा आतून."

चौथीच्या वर्गात मुलांच्या बसायच्या टाटपट्ट्या सरकवून पाट मांडला. साहेब खुर्चीवरून अर्धवट उठून तसेच राहिले. खण, नारळ, तांदूळ बाईंच्या पदरात पडले. बाईंनी ओटी कमरेशी खोचली, उठल्या, आणि पुढच्या मुलाच्या हातात पुस्तक देऊन म्हणाल्या, "वाच." मुलगा गप्प. दुसऱ्याला दिलं, तोही गप्प. गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "साहेबांना बिचकली पोरं."

दारातल्या गर्दीतून एक बाई पुढे आली. "माझा पोऱ्या बिचकत नाही कोणाले. रोज पाठवते मी त्याले शाळेत. गुरुजी, हा काय तुमच्या केळीलेच पानी देत होता का मंग?"

गुरुजी हसायला गेले. तेवढ्यात त्यांची बायको हलक्या आवाजात म्हणाली, "देत होता."

पुढे तपासणी रीतसर झाली, ती बाईंनी केली. कमरेची ओटी एवढीशीही न सांडता त्या वर्गावर्गांतून हिंडल्या. परतताना साहेब म्हणाले, "बहनजी, ऐसा निरीक्षण मैंने नहीं देखा." मी जीपमध्ये हवेत तरंगत होते. बाई मात्र बाहेर बघत होत्या.

काही दिवसांनी बडे बाबूंनी त्यांच्यापुढे एक कागद सरकवला. सूर मवाळ होता. गुरुजी मंडळी नाराज आहेत, गावातल्या बायका शाळेत घुसू लागल्या तर कारभार कसा चालायचा, अशी तक्रार वर गेली होती. "तुम्हीच लिहून द्या, बाई. मुलींच्या हायस्कूलात मोठ्या बाईंची जागा इथंच रिकामी आहे. इज्जतीनं होऊन जाईल सगळं." बाईंनी कागद मोठ्यानं वाचला: 'प्रवासाची दगदग झेपत नसल्यामुळे मी स्वखुशीने चार्ज सोडत आहे.'

त्यांनी सही करावी म्हणून मी मनात देवाला हात जोडत होते. मला त्या जवळ हव्या होत्या.

बाईंनी टाक खाली ठेवला. "दगदग मला नाही झाली, बाबूजी. तुम्हाला झाली. तसं लिहा, आत्ता सही करते."

"मग काढून घ्यावा लागेल."

"घ्या ना. पण सोडला असं माझ्या हातचं लिहून मिळणार नाही."

महिन्याभरात त्यांची बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सरगुज्याकडे झाली. यजमान खंडव्याला रेल्वेत, मुलगा इथं शाळेत, आणि या एकट्या तिकडे. स्टेशनावर मला रडू आवरेना. मी चिडून म्हणाले, "एका सहीनं इथंच राहिला असता तुम्ही."

"राहिले असते गं." त्यांचेही डोळे भरले होते, पण आवाज तोच, तपासणीचा. "आणि पुढं एखाद्या बाईनं हे काम मागितलं, की माझाच कागद तिच्यापुढं धरला असता. बघा, बायकांना नाही झेपत, आधीच्या बाईंनी स्वतःच लिहून दिलंय." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुला येतं हे काम, कुसुम. इतके दौरे काय माझ्यासाठी केलेस?"

गाडी हलली. माझं रडू एकदम थांबलं, आणि मला फार भीती वाटली.