पाचव्या घरचं अंगडं

माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होईपर्यंत चिंध्यांत वाढला, आणि आमच्या घरी कपड्यांचा काही तोटा नव्हता. पिंपळगाव राजाला आमचा वांग्या-मेथीचा मळा होता, माल खामगावच्या बाजारात जायचा आणि मला दर दिवाळीला नवा झगा मिळायचा. पण भावाच्या आधीचे दोन मुलगे आईच्या मांडीवरच गेले होते. म्हणून या तिसऱ्याला नवं काही घालायचं नाही, दरसाल पाच घरी पदर पसरून जुनं मागायचं आणि त्याचीच अंगडी शिवायची, असं आईने देवाजवळ बोलून ठेवलं होतं. मागून वाढवलेल्या पोरावर मरणाची नजर पडत नाही, अशी आमच्याकडची समजूत.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि लेकराबाळांची चौकशी करणाऱ्या सरकारी बाई खेड्यांत यायला लागल्या होत्या. आमच्याकडे आल्या त्या पुण्याकडच्या. इस्त्रीचं पातळ, खांद्याला पिशवी. त्यांनी आधी माझा झगा पाहिला, मग भावाचं ठिगळांचं अंगडं पाहिलं, आणि दारात उभ्या उभ्याच, शेजारणींच्या देखत आईला झापलं.

"मुलीला नटवता आणि मुलाला भिकाऱ्यासारखं ठेवता? सांभाळणं होत नसेल तर त्याला बालगृहात न्यावं लागेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा येते मी."

आईला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईने त्या पोराला कडेवरून खाली ठेवलं नाही, तिला हे ऐकवायचं? वडील एरवी तिखट माणूस, पण "बाई, पाणी तरी घ्या," एवढंच म्हणाले. बाई गेल्यावर मात्र ते जेवले नाहीत.

शेजारणीने सोपा उपाय काढला. "बाई येईन त्या दिवशी नवा सदरा घालून दे त्याले. गेली का काढजो."

वडिलांनाही ते पटलं होतं. "अन् घातल्यावर त्याले काई झालं त?" आईने विचारलं. सदरा घातला तर बोललेलं मोडतं, नाही घातला तर बाई पोराला नेते. तो आठवडाभर आईच्या भाकरी करपत होत्या.

बाई आल्या तेव्हा भाऊ त्याच अंगड्यात होता. आईने बाजेवर घोंगडी टाकून त्यांना बसवलं आणि आधीचे दोघे कसे गेले ते सांगितलं. एक गोवराने, एक तापाने. मग हे मागण्याचंही सांगितलं. आवाज कुठेही चढला नाही.

"अहो, चिंध्यांनी आजार अडतात का?" बाई म्हणाल्या. "लस टोचून घ्यायची."

वडिलांनी भावाची फाटकी बाही वर सरकवली. दंडावर देवीच्या लशीचे वण होते. "खामगावच्या दवाखान्यात म्याच नेलं होतं. आमी दोन्ही करतो, बाई. टोचलंबी अन् मागलंबी."

बाईंनी वाकून त्या वणांवरून बोट फिरवलं. तेवढ्यात आई उठली आणि त्यांच्यासमोर तिने पदर पसरला.

"यंदा चार घरचं मागून झालं. पाचवं घर राह्यलं. तुमचं एखादं जुनं पातळ द्या माह्या लेकराले."

भिकारी म्हणणाऱ्या बाईकडेच ती मागत होती, आणि मान खाली नव्हती. इतकं ताठ मागणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही. बाई पिशवी खांद्याला लावून निघून गेल्या. पुढच्या फेरीला आल्या तेव्हा पिशवीतून एक निळं पातळ काढून त्यांनी आईच्या पदरात ठेवलं. आईने त्याचं भावाला अंगडं शिवलं. बालगृहाचं नाव पुन्हा निघालं नाही.

भावाला पाचवं वर्ष पूर्ण झालं, नवा सदरा शिवून आला आणि जुनी अंगडी नदीत सोडायला आम्ही सगळे गेलो. आईने एकेक करून सोडली. निळं तेवढं काखेत धरून ठेवलं.

"हे काऊन ठेवलं?" वडिलांनी विचारलं.

"न्याले आल्ती ते बाई," आई म्हणाली, "अन् देऊन गेली. हे नाई सोडत मी."