डबे फोडणारे वामननाना

माझ्याच घरातला रिकामा डबा मी भंगारवाल्याला देऊन प्लॅस्टिकचा मग घेतला, आणि काही महिन्यांनी तोच डबा, जळक्या काळ्या तेलाने भरलेला, परदेशी सिंथेटिक ऑइल म्हणून विकत घेऊन माझ्या गाडीच्या इंजिनात ओतला. एवढं करून दुकानदाराचे आभारही मानले. वामननानांविषयी लिहायचं तर या गाढवपणाला वळसा घालून जाता येत नाही. रस्ता तिथूनच आहे.

धुळ्यात माझा फोटो स्टुडिओ होता. नाना मला पहिल्यांदा भेटले ते एका लग्नात. मी मंगलाष्टकांच्या वेळी फोकस लावत होतो आणि मांडवामागून अहिराणीत आरोळी आली, "हाई जीप कोनी शे? कोनी शे हाई जीप?" भटजी थांबले. वऱ्हाडाला वाटलं, गाडीला आग लागली. नवरदेवाचे मामा धावत गेले तर सोन्याची बटणं लावलेला सदरा घातलेला एक आडवा गृहस्थ त्यांच्या जीपचं बॉनेट उघडून उभा. हातात तेल मोजायची पट्टी, चेहऱ्यावर असा संताप, की जणू त्यांच्याच पोरीचं लग्न मोडलंय. "नवरीले हयद लागनी, पन तुनी गाडीले तेल नही लागनं! पट्टी कोरडी शे! सासराले मान देतस, इंजिनले कोन दी?"

हे नाना. आग्रा रोडवर त्यांचं ऑइलचं दुकान. कुठल्याही लग्नाला, साखरपुड्याला, बारशाला गेले की जेवणाच्या पंगतीआधी ते बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांची पंगत तपासत. कुणाची परवानगी नाही, ओळखदेख नाही. बॉनेट उघडायचं, पट्टी ओढायची, तेलाचा थेंब दोन बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा, आणि मग मालकाला शोधून शंभर माणसांत झापायचं. आपल्याला तेलातलं धुळे जिल्ह्यात सर्वांत जास्त कळतं असं ते स्वतःच सांगत, आणि न विचारता सांगत. विनय हा गुण त्यांच्या दुकानात कधी स्टॉकला नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गावात सिंथेटिक ऑइलची हवा आली. तोवर आम्हाला तेल म्हणजे तेल. ड्रायव्हर लोक जाड-पातळ एवढाच भेद करत, आणि आमच्याकडच्या उन्हात जाड तेलच टिकतं यावर सगळ्यांचं एकमत. त्यात आखातात नोकरीला असलेल्या माझ्या साडूने येताना सिंथेटिकचा एक डबा आणला. पत्र्याचा, चकाकणारा, त्यावर उधळलेला निळा घोडा. तो डबा बघूनच माझी जुनी फियाट मला तरुण दिसू लागली. मी मोठ्या ऐटीत तो नानांना दाखवायला नेला. घोडा मात्र तेव्हा जरा वेगळा दिसत होता, कारण माझ्या मुलीने आदल्या दिवशी खिळ्याने खरवडून त्याला झुपकेदार मिशा काढल्या होत्या.

नानांनी झाकण उघडून थेंब बोटांत चोळला आणि तोंड असं केलं, की कुणी चहात मीठ टाकलंय. "हाई तेल शे का रॉकेल? पातळ तेल आनि पातळ बोलनं, दोन्ही उनमा टिकतस नही." मग त्यांनी मला जुन्या इंजिनाचं शास्त्र ऐकवलं. इतक्या वर्षांची गाडी, तिचे सील वाळलेले, आत साठलेल्या मळाने कशीबशी गळती थांबलेली. हे पातळ तेल तो मळ धुऊन काढील आणि गाडी महिन्याभरात दारात तळं करील. नव्या गाडीला घाल, म्हणाले, जुनीला साधंच घाल, फक्त वेळेवर बदल. एवढं बोलून त्यांनी आपल्या दुकानातला साधा डबा माझ्यापुढे आपटला.

मी ऐकलं नाही. आणि गंमत म्हणजे गाडी सुरेख चालली. दारात दोन-चार थेंब पडायचे, पण इंजिनाचा आवाज मऊ झाला, चढाला धाप लागेना. नानांनी एकदा रस्त्यात गाडी थांबवून कान लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. कपाळावरची शीर ताठली. गाडी बिघडली असती तर त्यांना एवढा राग आला नसता. "पाप सुरूमा गोडच लागस," एवढंच बोलून ते निघून गेले. त्यांचं चुकलं होतं आणि ते कबूल करण्याची त्यांना सवय नव्हती.

तेल संपल्यावर रिकामा डबा गेला भंगारात, तो मगाच्या बदल्यात. पुढे तेल बदलायची वेळ आली तेव्हा स्टँडजवळ नवं काचेचं दुकान उघडलं होतं. मालक मे महिन्यात टाय लावून बसायचा. धुळ्यात हे एवढं एकच लक्षण माणूस ओळखायला पुरेसं होतं. पण मी त्याच्या फळीवर निळा घोडा पाहिला आणि माहेरचं माणूस भेटावं तसा हरखलो. "डायरेक्ट दुबई," तो म्हणाला. घोड्याच्या तोंडावर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली होती. मी म्हटलं, "बिल नको, थोडं कमी करा." त्याने लगेच कमी केलं. इतक्या लगेच, की शहाण्या माणसाने तिथूनच पळ काढला असता.

पुढच्याच आठवड्यात जळगावला लग्नाची ऑर्डर होती. भर उन्हात निघालो. एरंडोल मागे टाकलं आणि इंजिनातून लोखंड चावल्यासारखा आवाज आला, मग एक झटका, मग शांतता. कॅमेऱ्याची पेटी छातीशी धरून केळीच्या ट्रकमधून मी जळगाव गाठलं, तेव्हा नवरी सासरी गेली होती आणि मांडववाला खुर्च्या मोजत होता.  मुलीच्या बापाने रिकाम्या मांडवाकडे हात दाखवून म्हटलं, "काढा. याचाच काढा आता."

इंजिन जाम. मी संतापाने पेटलो होतो, आणि राग कुणावर तर सिंथेटिकवर. डबा काखेत मारून थेट नानांच्या दुकानात गेलो. ट्रकवाले, रिक्षावाले, चहावाला, सगळे होते. मी भर बाजारात जाहीर केलं, "नाना, तुमचंच खरं! सिंथेटिक म्हणजे शुद्ध लबाडी! माझं इंजिन खाल्लं!" टाळ्याच पडल्या. आता इथे एक सांगायला हवं: त्या टायवाल्याच्या दुकानामुळे नानांचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं. अक्का, म्हणजे नानांची बायको, गल्ल्याशेजारी बसायच्या. त्यांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळलेला मी पाहिला. नानांनी नुसती मान हलवली असती तरी अर्धं धुळे संध्याकाळपर्यंत परत आलं असतं.

नानांनी डब्याच्या तळाशी उरलेला थेंब चोळला. हुंगला. नखाने ती किमतीची चिठ्ठी खरवडली.

"या घोडाले मिशा कोनी काढ्यात?"

मी वाकून पाहिलं. "माझ्या मुलीने," मी म्हणालो. "पण तो डबा तर मी भंगारात..."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. नाना हसले नाहीत. ते स्टुलावर चढले. "आयका रे! हाई सिंथेटिक नही! हाई गटारमा टाकाचं काळं तेल शे, गाळीसन भरेल! सिंथेटिक मी देखेल शे, यानी गाडी त्यावर चांगली चालनी. मना म्हननं चुकनं."

"अहो, गप्प बसा ना," अक्का दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुमनं काय जास? लोके आपलंच तेल ली जातीन."

"शिव्या मी सिंथेटिकले रोज देसू," नाना स्टुलावरूनच ओरडले, "पन खोटी साक्ष नही देसू! आज सिंथेटिकना डबामा काळं भरतस, उद्या मना डबामा भरतीन. मंग कोनी गाडी कोठे बसी, कोन मरी, कोनले माहीत?"

दुसऱ्या दिवशी ते मला ओढत सरकारी कचेरीत घेऊन गेले. साहेबांनी डबा फिरवून फिरवून पाहिला. "बिल?" मी खाली पाहिलं. साहेब आमच्यावर उपकार केल्यासारखे हसले. "म्हणजे डबा तुमचा, मुलगी तुमची, मिशा तुमच्या. दुकानाचा संबंध आला कुठं?" टायवाल्याच्या विरुद्धचा एकमेव पुरावा माझ्याच विरुद्ध उभा राहिला. नाना परतताना डबा काखेत धरून माझ्या चार पावलं पुढे चालत राहिले. त्यांच्या शिव्या परवडल्या असत्या.

त्या दिवसापासून नानांनी नियम केला: डबा दुकानात उघडायचा, तेल त्यांच्या देखत गाडीत ओतायचं, आणि रिकाम्या डब्याला तिथल्या तिथे छिन्नीने दोन भोकं पाडायची. कोणीही त्यात पुन्हा काही भरू नये. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे तेलाचा रिकामा डबा ही घरातली वस्तू होती. रेशनचं रॉकेल त्यात, शेतावर न्यायचं पाणी त्यात, पहाटे परसाकडे न्यायचा डबाही तोच. काही लोक तर तेलापेक्षा डब्यासाठीच यायचे. दोंडाईच्याच्या एका ट्रॅक्टरवाल्याने छिन्नी उचललेला हात धरला. "नाना, मना घरमा डबा सांगेल शे. खाली हात कसा जाऊ?"

"डबा पाहिजे का ट्रॅक्टर पाहिजे?"

"दोन्ही पाहिजेत! स्टँडवर दोन्ही भेटतस."

"मंग स्टँडवर जा!"

आणि तो तिकडे गेला. तसे पुष्कळ गेले. ज्यांची इंजिनं वाचावीत म्हणून हा माणूस आपलं दुकान भोसकत होता, तेच लोक अख्खा डबा मिळतो म्हणून टायवाल्याकडे रांगा लावत होते. मला आजही त्या रांगेची चीड येते. टायवाल्याने पुढे दुकानासमोर पाणपोई घातली, उद्घाटनाला पुढारी आले, हार-तुरे झाले. फोटो काढायला मलाच बोलावलं. मी गेलो नाही, हे खरं. पण पाणपोईचं थंडगार पाणी मात्र दुपारी येता-जाता प्यालो आहे, हेही खरंच.

नानांना मी एकदा विचारलं, इतका हट्ट कशाला, नाना? भोक नाही पाडलं तर एखादा डबा जाईल वाईट हातात, सगळे थोडेच जातील? ते छिन्नी पुसत होते. "मना हातमाईन गयेल डबा मना नावनं फिरस," ते म्हणाले. "मी मरी जासू, डबा फिरतच राही."

दोन-तीन वर्षांत दुकान बसलं. शटर ओढलं त्या दिवशी फळ्यांवर काही उरलं नव्हतं. नानांच्या मुलीकडे, जळगावला जायचं ठरलं. सामान टेम्पोत चढत होतं. बाजारातलं कुणी फिरकलं नाही, ज्यांच्या पट्ट्या नानांनी पुसल्या होत्या त्यांतलंही कुणी नाही. मला भरून आलं आणि भरून आलं की मी भाषण करतो. म्हटलं, नाना, तुमच्यासारखा माणूस या गावाला पेलला नाही. या गावाची ती लायकी नव्हती. निदान मला एवढं तरी करू द्या. टेम्पोत गचके खात कशाला जाता? माझी गाडी दुरुस्त होऊन आली आहे. तुम्ही दोघं आरामात बसा, मी स्वतः सोडतो.

नाना विरघळले असावेत, कारण ते पायरी उतरले. पण अक्कांनी त्यांचा सदरा मागून धरला आणि टेम्पोत पाऊल ठेवत मला म्हणाल्या,

"नको, भाऊ. आमले पोचनं शे."