चारही काळे पडले की

मी तसा तापट मास्तर. राळेगावजवळच्या आमच्या शाळेत गणिताचा तास लागला की तिसरीतली एक मुलगी हापशीवर पाणी प्यायला जायची, ती घंटा झाल्यावरच परत यायची. ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं. वर्गात बसवली तर तोंडाला कुलूप. आणि मधल्या सुट्टीत अष्टाचंगा खेळताना मात्र हीच बाई कुणाला बोलू द्यायची नाही!

मग मी वर्गाच्या फरशीवरच खडूने पंचवीस घरं आखली आणि त्यांत आकडे लिहिले. फोडलेले चार चिंचोके टाकायचे, बेरीज मोठ्यानं म्हणायची, मगच सोंगटी हलवायची. आठवडाभरात तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातून तक्रार आली. मला कोण आनंद झाला!

मुख्याध्यापकांना हा सगळा पोरखेळ वाटे. "सायेब तपासणीले येऊन राह्यले उद्या. पोरं अडखळले त हे चिंचोके चुलीत," त्यांनी बजावलं. चिंचोक्यांचं काय एवढं, दुसरे मिळाले असते. पण त्या पोरीचं तोंड एकदा मिटलं असतं, तर पुन्हा उघडणं माझ्याच्यानं झालं नसतं.

साहेब आले आणि नेमके तिच्यापुढेच थांबले. त्यांनी चिंचोके फेकले. चारही काळी बाजू वर.

"पांढरे किती?"

"आठ!"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे कान तापले. चारही काळे पडले की आठ घरं चालायची, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेबांना कोण सांगणार?

तिनंच सांगितलं. "पांढरा एकबी नाही न, सायेब. म्हणून त आठ भेटते. अन् अजून एक डाव. तुमी उभे काहून? बसा न."

साहेब हसले आणि चक्क फरशीवर बसले. मग काही केल्या उठेनात. त्यांची सोंगटी तेरावर असताना पुन्हा आठ पडले, तशी घाईघाईनं त्यांनी ती बावीसवर नेऊन ठेवली.

मुख्याध्यापक छताकडे बघू लागले. मीही, खरं सांगतो, उगाच फळा पुसू लागलो.

"तेरा अन् आठ एकवीस होते, सायेब," ती म्हणाली. "मांगं घ्या."

साहेबांनी बोटांवर मोजलं आणि सोंगटी एक घर मागे घेतली.