गाडी मीच बंद पाडली

गाडी चोरीला जाऊ नये म्हणून मी एवढी अक्कल लढवली, की तिच्यापायी माझ्या सासूचा जीव जायची वेळ आली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझी बाजू घ्यायला कुणी येणार नाही.

हिर्डोशीहून मी रोज भोरला जाते. तिथं बायकांचे ब्लाऊज शिवायच्या दुकानात कामाला आहे. एसटीच्या भरवशावर राहिलं तर निम्मा दिवस फाट्यावर उभं राहण्यात जातो, म्हणून इलेक्ट्रिक गाडी घेतली. ती वर्षाच्या आत गेली. भर बाजाराच्या दिवशी, दुपारी, दुकानाच्या मागच्या बोळातून. पेट्रोलची गाडी कुणी नेली तर निदान आवाज तरी येतो. ही मेली मांजरासारखी गेली! मी भिंतीअलीकडं बसून बाही जोडत होते आणि मला पत्ता नाही. मागं फक्त हेल्मेट राहिलं. ते मी रागानं आपटलं आणि मग गपचूप उचलून घरी आणलं.

दुसरी गाडी आली तेव्हा मी ठरवलं, आता चोराच्या बापाला हात लावू देणार नाही. पडवीच्या खांबाला म्हशीची साखळी, चाकाला कुलूप, बॅटरीला वेगळं कुलूप. शिवाय भोरच्या मेकॅनिककडून सीटखाली एक लहानसं यंत्र बसवून घेतलं. गाडी हलली की माझ्या मोबाईलवर भोंगा वाजायचा, गाडी कुठं आहे ते नकाशावर दिसायचं, आणि मोबाईलवरचं एक बटण दाबलं की गाडीचं बळ जाऊन ती थांबायची. मी सोडेपर्यंत पुन्हा हलायची नाही. आमच्या घरापाशी रेंज नाही. घरामागच्या टेकाडावर चढलं किंवा खाली धरणाच्या वळणाला आलं की माणसालाही रेंज मिळते आणि यंत्रालाही. दुकानाच्या मालकिणीला फोनची किरकिर खपत नाही, म्हणून मी बाकी सगळे आवाज बंद ठेवायची. एकट्या गाडीचा भोंगा तेवढा मोठा.

यंत्राचं घरात कुणाला बोलले नाही. घरात सांगितलं की गावभर होतं.

माझी जीभ तिखट, हे मला माहीत आहे. धाकट्या जावेनं एकदा नुसती सीट पुसली, तर मी तिला फाडून खाल्लं होतं. माहेरी ती स्कूटी चालवायची, पण माझ्या गाडीला पुन्हा कधी शिवली नाही. किल्ल्यांचा दुसरा जुडगा सासूबाईंकडं दिला, तोही शपथ घालून.

"आत्या, कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत. तुमचा लेक आला तरी नाही."

"न्हाई देत गं बाई. पदराला बांधून ठिवते."

भादव्यातली गोष्ट. आदल्या रात्री लाइट गेली होती, बॅटरी अर्धीच भरली होती. म्हणून मी गाडी पडवीत ठेवून सकाळच्या एसटीनं भोरला गेले. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. गाडी नजरेआड राहिली की मला अन्न गोड लागायचं नाही. दुकानात मशीनवर बसले, मोबाईल पिशवीत.

अकराच्या पुढं कधीतरी भोंगा वाजला. हातातला ब्लाऊज खाली पडला. नकाशावर बघते तर गाडी धरणाच्या वळणावर, आणि ठिपका भोरच्या दिशेनं सरकतोय. घरी एकच मोबाईल, त्याचा नंबर मोबाईलच्या पहिल्या पानावर ठेवलेला, तो दाबला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा दाबला. बाहेरच. तेवढ्यात ठिपका आणखी पुढं सरकला. अजून थोडा वेळ गेला तर गाडी हायवेला लागली असती आणि मग राम म्हणायचा. मी बटण दाबलं.

ठिपका सरकता सरकता थांबला.

"सापडला मेला!" मी एवढ्यानं ओरडले की मालकीण बाहेर आली. माप द्यायला आलेल्या दोघीजणीही गोळा झाल्या. सगळ्यांना मी मोबाईल दाखवला. मालकीण म्हणाली, पोलिसांना कळव. मी म्हटलं, "कळवते की. काय घाई आहे? आधी तडफडू दे तिथंच."

हे वाक्य माझ्याच तोंडचं आहे. ते परत घेता आलं असतं तर काय पाहिजे होतं!

मोबाईल समोर ठेवून मी पुन्हा बाही जोडायला घेतली. मध्ये मध्ये ठिपका बघायची आणि हसायची. चहासुद्धा प्याले. वीस-पंचवीस मिनिटं अशी मजेत गेली. मग पडद्यावर अनोळखी नंबर आला. पलीकडं जाऊ होती.

"ताई, म्या बोलते. आत्याला फुरसं चावलंय, बांधावर गवत कापताना. तुमच्या गाडीवर घिऊन निगाले, तर मेली वळणावर बंद पडली! कुणी थांबंना. आता दुधाचा टेम्पो गावलाय, त्यातच हाय. आपला फोन गडबडीत घरीच ऱ्हायला, ह्यो टेम्पोवाल्याचा हाय. तुमी दवाखान्यात या."

फुरशासारखा जहरी साप, आणि गाडी मी बंद पाडलेली. फोन बंद झाल्यावर मी बटण दाबून गाडी सोडली. कशाला सोडली, देव जाणे. आता त्या गाडीवर कोण बसणार होतं?

सरकारी दवाखान्याच्या दारात मी पावसात उभी राहिले. येणारा प्रत्येक टेम्पो बघायचा आणि तो पुढं निघून जायचा. देवा, एवढी वेळ निभावून ने, असं म्हणायलाही मला लाज वाटत होती. शेवटी टेम्पो आला. गाडीवरून पडू नये म्हणून जावेनं सासूबाईंना लुगड्यानं आपल्या कमरेला बांधलं होतं, ती गाठ अजून तशीच. सासूबाईंचा हात कोपरापर्यंत सुजलेला. हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टर म्हणाले, "उशीर केलात. आता बघू."

आम्ही दोन रात्री दवाखान्यात काढल्या. जाऊ गाडीला शिव्या घालायची, "ऐन वक्ताला घात केला रांडंनं," आणि मी मान हलवायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. जाऊ चहा आणायला गेली. सासूबाईंनी डोळे उघडून मला जवळ बोलावलं. चांगल्या हातानं पदराची गाठ सोडायला लागल्या.

"रागावू नगं. गाडी तुला न इचारता न्हेली. पर किल्ली म्या कुणाच्या हातात दिली न्हाई बरं का. म्याच लावली." आणि जुडगा माझ्या हातात ठेवला.

मला रडू आवरेना. त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. यंत्र, बटण, ठिपका, चहा, सगळं.

"चोर वाटलो व्हय तुला आमी?"

"चोर वाटलात, आत्या."

"आगं, चोर असता तर तुला इचारायला टेकाडावर चढला असता व्हय? म्याच धाडलं धाकटीला. म्हणलं, तिला इचारल्याबिगर गाडीला हात लावू नगं, लई वरडंल. ही वर जाऊन फोन लावून लावून दमली. म्या आपली पडवीत हात धरून बसलेली. फुरशाचं एवढं भ्या न्हाई वाटलं मला, जेवढं तुझं वाटलं."

मी पिशवीतून मोबाईल काढला. गाडीच्या भोंग्याच्या आधीचे, त्या सकाळचे न उचललेले फोन तसेच पडून होते. घर. घर. घर.