सोनमच्या वाटचे दोन थेंब

वडगाव रासाईत सरकारशी भांडण्यात बिरदेवाचा हात धरणारा कुणी नव्हता. रस्त्याचा खड्डा, विजेचं बिल, रेशनची साखर, कशावरही तो भांडे; पण पोलिओच्या डोसचा रविवार आला की त्याच्या अंगात वारंच संचारे. दर खेपेला नर्सबाई खांद्याला बर्फाचा डबा अडकवून दारात यायच्या, आणि दर खेपेला तो चार वर्षांच्या सोनमला कडेवर घेऊन उंबऱ्यात आडवा उभा राहायचा.

"पोरगी माझी हाय. सरकारनं न्हाई दिला तिला जन्म."

जन्म म्हाळसानं दिला होता. ती आत भाकऱ्या थापत होती.

या थेंबांनी पोरगी पुढं वांझ राहणार, अशी बिरदेवाची खात्री होती. पलीकडच्या वस्तीवर डोस न घेतलेल्या पोराचा पाय लुळा पडला, ती म्हणे देवाची करणी. रागाला कारण मात्र होतं, आणि ते खोटं नव्हतं. शहात्तर साली त्याचा थोरला भाऊ शंभू मेंढरं घेऊन चौफुल्याच्या रस्त्याला असताना सरकारी जीप आली, त्याला उचलून नेलं आणि नसबंदी करून परत आणून टाकलं. ठरलेलं लग्न मोडलं. पुढं कुणी मुलगी दिली नाही. आजही ते ऐकवत नाही.

बिरदेवाला मात्र ते सांगवत होतं. पंचवीस वर्षं तो ही गोष्ट चावडीवर, एसटीत, परक्याच्या लग्नमांडवात सांगत होता, तीही बहुतेकदा शंभूच्या देखत. "ह्यो बगा, ह्योच तो माझा दादा!" शंभू मान खाली घालून तंबाखू मळत बसे. भावाचं दुःख बिरदेवानं इतकं आपलं करून टाकलं होतं, की भावाच्या वाट्याला ते उरलंच नव्हतं.

त्या खेपेला नर्सबाईंबरोबर शिरूरचे डॉक्टरसाहेब आले. आल्या आल्या त्यांनी पोलिसांचं नाव काढलं. कायदा कुठला ते त्यांना आठवेना, पण आवाज कायद्याचाच होता. बिरदेव खुलला. अख्खी आळी जमली.

नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "बिरदेवभाऊ, परवा मेंढरांना लस टोचायला तुम्ही सगळ्यांच्या आधी हजर होता. तीही सरकारीच होती."

"मेंढरांचं येगळं हाय बाई. मेंढरू मेलं तर नुकसान व्हतं."

पोटची पोर कडेवर घेऊन तो हे बोलला. दोघातिघांनी माना डोलावल्या.

मग गोष्ट सुरू झाली. "शहात्तर साली आमच्या दादाला..." म्हणत बिरदेवानं ओट्यावर तंबाखू मळत बसलेल्या दादाकडं बोट केलं. शंभू उठला. तंबाखू झटकून तो दारापाशी आला.

"बिरू, माझ्या देहाचं त्यांनी मला न इचारता ठरीवलं. आन् त्येची गोष्ट कुणाकुणाला सांगायची, ते मला न इचारता तू ठरीवलंस."

"दादा, मी तुझ्यासाठीच..."

"जीपवालाबी तसंच म्हणत व्हता."

शंभूनं सोनमला हळूच उचलून घेतलं. बिरदेवाचे हात सैल पडले. थोरल्यापुढं ते कधी उठले नव्हते. डॉक्टरसाहेब घाईनं म्हणाले, "हां, आता पाजून टाका."

"थांबा सायेब," शंभू म्हणाला आणि घराकडं वळला. भावजयीशी तो सरळ कधी बोलत नसे, तशी रीतच नव्हती. "म्हाळसा, पोर तुझी हाय. पाजायचं का?"

म्हाळसा डोईवरचा पदर पुढं ओढत दारात आली. हात पिठानं भरलेले होते.

"पाजा," ती म्हणाली. "कवापास्नं सांगायचं व्हतं. कुणी इचारलंच न्हाई."