मोडीला घडणावळ नसते

मुख्य रस्त्यावरचं ते सराफी दुकान दोघा भावांचं. गिऱ्हाइकांना मात्र एकच ठाऊक होता. धाकटा पुढे, काचेच्या टेबलामागे, जिभेवर साखर ठेवून बसायचा. थोरला पडद्यामागे, तोंडात फुंकणी. त्यामुळे त्याच्या वाटचं बोलणंही धाकटाच बोलायचा.

वडील गेले तेव्हा अर्धं-अर्धं ठरलं, तेही तोंडी.

"अहो, कागद करून घ्या," थोरल्याची बायको म्हणायची.

"भावाशी कागद? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. तोंड तसंही फुंकणीनं भरलेलंच असतं."

एकदा धाकटा दुकानात नसताना शेजारची एक विधवा बाई थेट पडद्यामागे हार मोडायला आली. पानाफुलांची जाळी, थोरल्याच्याच हातची.

"भाऊ, तुम्ही महिनाभर डोळे फोडले होते यावर. त्याचं काहीच नाही?"

"मोडीला घडणावळ धरत नाहीत, बाई. वजन तेवढं आपलं."

त्यानं पकडीनं स्वतःचीच फुलं चेपली आणि मुशीत टाकली. बाई पदर डोळ्यांना लावून गेली. नियम पाळल्याचं समाधान त्याला होतं, आणि रात्री जेवण मात्र गेलं नाही.

पुढे यंत्रावरचा माल आला. थोरल्याचा हात थरथरू लागला.

"दादा, आता घरी आराम कर," धाकटा म्हणाला.

"करतो. माझा अर्धा वाटा तेवढा मोकळा कर."

"वाटा कसला? दुकानात सोनं भरलं माझ्या सासऱ्यानं. तुझी होती ती घडणावळ, ती महिन्याच्या महिन्याला दिली. आणि मोडीला घडणावळ धरत नाहीत, तूच सांगत आलास ना?"

पंच म्हणून थोरल्यानं कोणाला बोलवावं, तर बाजारातला प्रत्येक सोनार याच वाक्यावर मान डोलावणारा.

त्यानं फुंकणी आणि हातोडी फडक्यात बांधली. उंबऱ्याशी मात्र सवयीनं थांबला. निघताना कपडे परातीवर झटकायचे, सोन्याचा कणही बाहेर न्यायचा नाही, हा नियमही त्यानंच घातलेला. त्यानं सदरा झटकला, गुडघे झटकले. दोन-चार कण चमकून परातीत पडले. निदान आज तरी 'असू दे, दादा' असं कानावर येईल, म्हणून तो जरा रेंगाळला.

धाकट्यानं परातीत वाकून पाहिलं.

"दादा," तो म्हणाला, "डावी बाही राहिली."