थिओडोरॉस

बारशाच्या दिवशी पाळण्यावर वाकून बायको नातवाचं नाव पुटपुटत होती. जावई ग्रीक, त्यामुळे त्यांच्या रिवाजाप्रमाणे बाळाला तिकडच्या आजोबांचं नाव, थिओडोरॉस. तिची जीभ काही वळेना. हिरमुसून तिने लेकीला विचारलं, "अगं, याचा अर्थ तरी काय?"

"देवाने दिलेला."

"म्हणजे आपला देवदत्तच की!"

मी मोहरूनच गेलो. या नावाचे शिल्पकार होऊन गेले, गणिती होऊन गेले. एक ग्रीक अधिकारी तर दोन हजार वर्षांपूर्वी इकडे स्वातच्या खोऱ्यात होता. तिथे त्याने बुद्धाच्या अस्थी स्थापन केल्या. त्यातल्या प्रत्येकाला मांडीवर घेऊन कुणा आईने हेच म्हटलं असेल, देवाने दिला.

बाळाने डोळे उघडले.

"उठलास का रे, देवदत्ता?" बायको म्हणाली.